तळटीप : ‘सुपर्ब’

१. सुपर्ब : उस्मानपुऱ्याच्या चौकात उभी असलेली ही गाडी ‘फॉरेनची’ असल्याचे निवेदक म्हणतो, पण स्कोडा सुपर्बला औरंगाबादकरांनी परकी म्हणू नये. स्कोडाने २००१ मध्ये जालना रस्त्यावरच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. पुढे सुपर्बही तिथेच जुळू लागली.

नाव मात्र बरेच जुने. चेक देशातल्या म्लादा बोलेस्लाव्ह इथे १९३४ मध्ये पहिली सुपर्ब तयार झाली : सहा सिलिंडरचे, अडीच लिटरचे इंजिन आणि पारंपरिक शिडीवजा सांगाड्याऐवजी मधोमध एकच पोकळ नळीचा कणा. १९४९ नंतर हे नाव मागे पडले, ते २००१ मध्ये परतले. ही नवी गाडी फोक्सवॅगन पसाटच्या बांधणीवर बेतलेली होती, पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर १०० मिलिमीटरने वाढवलेले. ते सगळे अंतर मागे बसणाऱ्याच्या पायांना मिळाले, आणि माझ्या मते गाडीचा खरा थाट त्यातच आहे.

प्रकरणात पुढे येणारी छत्री लेखकाची कल्पना नव्हे. पहिल्या दोन पिढ्यांत मागच्या डाव्या दारात छत्रीसाठी खरोखरच खण असे आणि ओल्या छत्रीचे पाणी त्यातून बाहेर निथळे. आपल्याकडे मालक बहुधा त्याच बाजूला बसतो. दुसऱ्या पिढीत (२००८) डिकी दोन तऱ्हांनी उघडू लागली : नुसते झाकण, किंवा काचेसह सगळे मागचे दार. निवेदक ‘पूर्ण काच वर गेली’ म्हणतो, त्याअर्थी मजकुरातली गाडी पहिल्या पिढीची नव्हे.