६.३ व्होल्टचे कूळ

बुलढाणा जिल्ह्यात ट्रान्सफॉर्मर म्हटले की खांबावरची डीपी डोळ्यांपुढे येते. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला किंवा भोंग्याच्या मशीनमधला पॉवर ट्रान्सफॉर्मर तिच्याच कुळातला. फरक इतकाच की त्याच्या एका गाभ्यावर तीन-चार वाइंडिंग असतात. एक २३० व्होल्ट घेते, दुसरे प्लेटसाठी २५०-०-२५० किंवा त्याहून जास्त व्होल्ट देते, बाकीची जाड तारेची वाइंडिंग हीटर तापवतात. गिटारच्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरलाही हेच लागते, म्हणून भंगारातला लेबल उडालेला ट्रान्सफॉर्मरसुद्धा मोलाचा.

त्याचे वय हीटरच्या व्होल्टांवरून कळते, आणि ते आकडे बॅटरीतून आले आहेत. शिशाच्या बॅटरीचा एक सेल साधारण २ व्होल्टचा. युरोपात दोन सेलवरून ४ व्होल्ट रूढ झाले. अमेरिकेत ६ व्होल्टच्या बॅटरीवर रिओस्टॅट लावून ५ व्होल्ट घेत. १९२७चा ‘८०’ रेक्टिफायर त्यावरच चाले, आणि पुढे ५यू४, जीझेड३४ पर्यंत तोच आकडा टिकला. १९३०च्या दशकात मोटारीत रेडिओ आला. मोटारीच्या बॅटरीचे तीन सेल, प्रत्येकी २.१ व्होल्ट: झाले ६.३.

म्हणून फक्त ४ व्होल्ट मिळाले तर माल बहुधा दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा युरोपीय. ५ आणि ६.३ दोन्ही असले तर गिटारवाल्याचे नशीब. नुसते ६.३ असेल तर त्यावरच चालणारा ईझेड८१ सारखा रेक्टिफायर वापरावा. ‘यू’ने सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हच्या एसी-डीसी रेडिओत मात्र पॉवर ट्रान्सफॉर्मर शोधू नये, तिथे हीटर एकामागे एक जोडून थेट मेन्सवर चालत, आणि चासीलाही करंट येऊ शके.

कोणती तार कशाची हे ओळखायला मीटर लावला की हीटरचे वाइंडिंग एक ओहमच्या आत, मेन्सचे काही दहा ओहम आणि प्लेटचे त्याहून बरेच जास्त दाखवते. मग ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घालून मेन्स द्यावी. बाकीच्या तारा मोकळ्या असूनही बल्ब भगभगीत पेटला तर वाइंडिंग आत शॉर्ट झालेले आहे. प्लेटच्या तारा जीव घेऊ शकतात. त्यांची टोके उघडी सोडू नयेत.

ताकद गाभ्यावरून कळते: मधल्या पायाचा छेद एक चौरस इंच असेल तर अंदाजे ३० व्होल्ट-अँपिअर. दोन ईएल८४ आणि दोन ईसीसी८३ व्हॉल्व्हच्या गिटार अॅम्प्लिफायरमध्ये हीटरलाच २.१२ अँपिअर लागतात. एका ईएल८४च्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर तिथे प्लेटच्या करंटला कमी पडतो.

जळालेला ट्रान्सफॉर्मर भरूनही घेता येतो, शेतातली मोटार भरतात तसाच. पत्र्या काढून, बहुतेक वेळा सर्वांत वर असलेले ६.३चे वाइंडिंग उलगडताना वेढे मोजावेत. २५ भरले तर व्होल्टमागे चार. म्हणजे २३०साठी नऊशेच्या आसपास.