भूमी, नाव आणि मोबदला : मुळशीच्या इतिहासाचा एक बोध

ज्ञातीच्या स्मरणिकेत पूर्वजांच्या पराक्रमाची आणि दानशूर गृहस्थांची चरित्रे यावीत, हे युक्तच आहे. परंतु पूर्वजांनी राखलेली भूमी कोणत्या मार्गाने हातची गेली आणि कोणत्या मार्गाने टिकली, याचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. तो लिहिला गेला असता, तर आज ज्ञातीतील अनेक कुटुंबांची न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्याची वेळ टळली असती, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात मुळशी तालुक्याच्या उदाहरणावरून हा विषय थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर भूगाव ओलांडले, की भुकूम लागते. मुळशी धरणाचे पाणी या गावापर्यंत कधी आले नाही. परंतु पुणे शहर आले. ज्या खाचरांत आपल्या आज्यापणज्यांनी भात लावला, तेथे आज बंगले आणि इमारती उभ्या आहेत, आणि ज्या जमिनीस पूर्वी कोणी विचारीत नव्हते, तिच्या एकेका गुंठ्यावरून सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहीनासे झाले आहेत. अशा गावाने मुळशीच्या वरच्या खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वी काय घडले, ते मुद्दाम जाणून घेतले पाहिजे.

कसणारा एक, खातेदार दुसरा

इंग्रजी अमलात रयतवारीची पाहणी झाली, तेव्हा सारा भरणाऱ्याचे नाव सरकारी दप्तरात चढले, आणि त्याबरोबरच जमीन गहाण टाकणे व विकणे सुलभ झाले. दुष्काळ आणि कर्ज यांच्या कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्याने न वाचता केलेल्या अंगठ्याची किंमत त्यास पुढे कळली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने घेरली, आणि तेथून पुणे व नगर जिल्ह्यांत दंगा पसरला. त्या दंग्यात लोकांचा मुख्य रोख होता तो कर्जखतांवर. ती हिसकावून जाळण्यात आली. कागदानेच आपली जमीन नेली, हे त्या निरक्षर माणसांनी बरोबर ओळखले होते. त्यानंतर १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि कर्जखताच्या मागे जाऊन खरा हिशेब पाहण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. तरीही कसणारा एक आणि खातेदार दुसरा, ही स्थिती अनेक गावांत कायम राहिली.

मुळशीचा प्रसंग

याच स्थितीत टाटा कंपनीने विजेसाठी मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे योजिले. सुमारे ५० गावे पाण्याखाली जाणार होती. जमिनी घेण्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा सरकारच्या हाती होताच. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापती' ही पदवी लोकांनी याच लढ्यात दिली. विनायकराव भुस्कुटे आदी कार्यकर्त्यांनीही त्यासाठी कारावास पत्करला. 'जान किंवा जमीन' हा त्या लढ्याचा घोष होता.

या सत्याग्रहाच्या तेजाचे वर्णन पुष्कळ झाले आहे. त्याच्या अपयशाच्या एका कारणाकडे मात्र आमचे विशेष लक्ष वेधते. बुडणाऱ्या जमिनींपैकी बऱ्याच जमिनी तोवर पुण्यातील सावकारांच्या नावे झालेल्या होत्या. कसणाऱ्या मावळ्यास जमीन हवी होती. खातेदार सावकारास वाढीव मोबदला मिळाला तरी चालणार होते. एकाच्या जिवाचा प्रश्न दुसऱ्याच्या हिशेबाचा झाला, आणि आंदोलनात फूट पडली. १९२४ अखेर लढा मावळला आणि पुढे धरण पूर्ण झाले. भूसंपादनाचा मोबदला ठरतो तो हक्काच्या पुराव्यावर. ज्याचे नाव दप्तरात नव्हते, त्याचे घर, देव आणि खाचर पाण्याखाली गेले, तरी त्याच्या पदरात पडले ते फारच थोडे.

सातबारा : किती खरा, किती अपुरा

जमिनीवरील सर्व प्रकारच्या हक्कांची नोंद गावदप्तरी असावी, या हेतूने मुंबई इलाख्यात १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा झाला होता. आजचा सातबारा आणि फेरफार ही त्याचीच संतती होय. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या 'कृषकदिना'पासून कसणाऱ्या कुळास मालक मानण्यात आले. मुळशीत जे १९२१ साली मिळाले नाही, ते कायद्याने छत्तीस वर्षांनी दिले. परंतु तेथेही ज्याच्या कुळवहिवाटीची नोंद होती, तोच सुखाने मालक झाला. ज्याची नव्हती, त्यास वर्षानुवर्षे झगडावे लागले.

याच काळातील एक सवय आज आपल्या मुळावर आली आहे. वडील वारले, की थोरल्या भावाचे नाव 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून सातबारावर चढे. धाकट्यांनी विश्वासाने ते मान्य केले. पुढे 'ए. कु. मॅ.' ही तीन अक्षरे एखाद्या फेरफारात गळली, थोरल्याची मुले स्वतःस एकटे मालक समजू लागली, आणि जमिनीस भाव आल्यावर तंटा उभा राहिला. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सातबारावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते; म्हणून चुकीची नोंद दुर्लक्षून चालत नाही. आणि फेरफाराने मालकी उत्पन्न होत नाही, ती खरेदीखत, वाटप वा वारसा यांनीच होते; म्हणून नाव गळले एवढ्यानेच हक्क बुडत नाही.

कन्येचा वाटा

मिताक्षरेच्या जुन्या व्यवस्थेत वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क होता तो पुत्रांचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पित्याच्या हिश्शात कन्येस वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित कन्यांस सहदायाद केले, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सर्वच कन्यांस पुत्रासमान जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या दिवशी पिता हयात असला पाहिजे, अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी अबाधित आहे.

असे असता बहिणीस माहेरी बोलावून, साडीचोळी करून, हक्कसोडपत्रावर सही घेण्याची चाल आपल्यांत अजून आहे. बहिणीने समजून-उमजून हक्क सोडला, तर तो तिचा अधिकार आहे. परंतु काय सोडीत आहोत, हे तिला न सांगता घेतलेली सही १८७५ च्या कर्जखताहून निराळी नाही. सावकाराविरुद्ध उठलेल्यांच्या वंशजांनी भगिनीशी सावकारासारखे वागू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

आज काय करावे

घरातील व्यक्ती मृत झाल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसांची वर्दी द्यावी. ती गाव नमुना ६-क मध्ये उतरते. मृतांच्या नावे राहिलेल्या सातबारांवर वारसांची नावे लावण्यासाठी शासनाने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' ही मोहीम काढली, यावरूनच हा आळस किती व्यापक आहे ते दिसते. वाटणी तोंडी ठेवू नये; सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदाराकडून किंवा नोंदलेल्या दस्ताने करून घ्यावी.

मृत्युपत्र म्हणजे अभद्र, ही समजूत टाकून द्यावी. त्यास मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, तथापि ती केलेली बरी. दोन साक्षीदार मात्र अवश्य हवेत, आणि ज्यास लाभ होणार त्यास साक्षीदार न करणे शहाणपणाचे. वडिलोपार्जित मिळकतीत केवळ स्वतःच्या हिश्शापुरतेच मृत्युपत्र करता येते, आणि कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर हस्तांतरणाचे निर्बंध असतात, हेही विसरू नये.

पुण्याभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्यासाठी मुळशीतील गावांतही भूसंपादन झाले आहे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने कुळे आणि उपजीविका गमावणारे मजूर यांचाही विचार केला आहे. १९२१ च्या मावळ्याची व्यथा कायद्यास इतक्या उशिरा ऐकू आली. मोबदला अपुरा वाटल्यास रक्कम घेताना 'हरकत राखून' घेत असल्याचे लेखी नमूद करावे. अन्यथा वाढीव मोबदला मागण्याचा मार्ग बंद होतो.

जमिनीप्रमाणेच देहाच्या हानीचाही मोबदला असतो. कामावर जखमी झालेल्या मजुरास भरपाई देणारा कायदा १ जुलै १९२४ रोजी, म्हणजे मुळशीचा लढा चालू असतानाच, अमलात आला. आज पौड रस्त्यावर वाहनांची दाटी झाली असता अपघातग्रस्ताच्या आप्तांनी पोलिसांतील फिर्याद, पंचनामा आणि रुग्णालयाचे कागद जपून ठेवावेत. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्यास १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. म्हणून तेराव्यानंतर पाहू, वर्षश्राद्धानंतर पाहू, असे म्हणत बसू नये.

ज्ञातीच्या सुशिक्षित तरुणांस, विशेषतः वकिली करणाऱ्यांस, आमची विनंती आहे, की त्यांनी वर्षातून एकदा आपल्या गावी बसून ज्ञातिबांधवांचे सातबारे तपासून द्यावेत, वारसनोंदी करवाव्यात आणि वृद्धांस मृत्युपत्रे समजावून सांगावीत. असा एक दिवस भुकूममध्ये, एक पौडला आणि एक पिरंगुटला पार पडला, तरी पुढील स्मरणिकेत नोंद करण्याजोगे कार्य झाले, असे आम्ही समजू.