बदक, पाळीव : उडण्यास प्रतिबंध व जातीची निवड

अंगणात, परसात किंवा शेततळ्यावर हौसेने पाळलेली बदके उडून जाऊ नयेत म्हणून केलेली व्यवस्था. योग्य जात निवडणे, उड्डाणाची पिसे कातरणे आणि बंदिस्त, सुरक्षित वस्ती ही तिची तीन अंगे आहेत. त्यांत जातीची निवड सर्वांत महत्त्वाची, कारण ती नीट झाली तर बहुधा कात्री हातात घ्यावीच लागत नाही.

उगम व उडण्याची क्षमता. बहुतेक सर्व पाळीव बदके रानटी मॅलार्ड (ॲनास प्लॅटिऱ्हिंकॉस) या जातीपासून निपजली आहेत. साधारण एक ते सव्वा किलो वजनाचा हा पक्षी लांब पल्ल्याचे स्थलांतर करतो. अंडी व मांस यांसाठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत त्याचे वजन वाढवले, पण पंख त्या मानाने वाढले नाहीत. रानटी बदकाशी तुलना करता पाळीव बदकाच्या पंखांची हाडे सांगाड्याच्या प्रमाणात हलकी आणि पायांची हाडे जड असतात, हे चार्ल्स डार्विनने १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात नोंदवले आहे. मस्कव्ही (कैरिना मॉस्काटा) हे बदक मात्र वेगळ्या कुळीचे, मूळ मध्य व दक्षिण अमेरिकेतले आहे. त्याची उडण्याची ताकद अजून पुष्कळशी टिकून आहे.

न उडणाऱ्या जाती. चीनमधून १८७३ मध्ये अमेरिकेत गेलेले पांढरे पेकिन, इंग्लंडचे एल्सबरी आणि फ्रान्सचे रूआँ ही जड बदके साधारण साडेतीन ते साडेचार किलोंची असतात. पंख कितीही फडफडवले तरी त्यांना जमीन सोडून फारसे वर जाता येत नाही. वजनाचा भार पायांवर पडत असल्याने त्यांना टणक फरशीऐवजी भाताचे तूस किंवा पेंढा अंथरलेली जागा द्यावी आणि उंचावरून उडी मारावी लागेल अशी पायरी ठेवू नये. शांत स्वभावामुळे प्रथमच बदके पाळणाऱ्यांना पेकिन सोयीचे पडते.

इंडियन रनर हे नावाने भारतीय असले तरी त्याची जडणघडण इंडोनेशियाच्या बेटांवर झाली. बाटलीसारखे उभट अंग असलेले हे बदक उडण्याऐवजी धावते. अंडी भरपूर देते, मात्र ते घाबरट असते. खाकी कॅम्पबेल ही जात ॲडेल कॅम्पबेल यांनी इंग्लंडमधील ग्लॉस्टरशरमध्ये तयार केली. सुमारे दोन किलो वजनाचे हे बदक चांगल्या सांभाळात वर्षाला अडीचशे ते तीनशे अंडी देते. दचकले तर ते ठेंगणे कुंपण ओलांडू शकते, म्हणून त्याच्यासाठी किमान एक मीटर उंच कुंपण असावे. आसामचे पाती, बिहारचे मैथिली व केरळचे कुट्टनाड ही देशी बदके वजनाने हलकी व चपळ असतात. त्यांच्यासाठीही कुंपण उंचच ठेवावे.

उडणाऱ्या जाती. नेदरलँड्समध्ये रानटी बदकांना भुलवण्यासाठी वापरले जाणारे चिमुकले कॉल डक जेमतेम अर्धा ते पाऊण किलोचे असते आणि सहज उडते. त्याच्या मादीचा आवाज मोठा असल्याने शेजार जवळ असेल तर ते टाळावे. मस्कव्हीचा नर जड असतो, पण दोन-तीन किलोंची मादी छपरावर व झाडाच्या फांदीवर जाऊन बसते. ती आवाजाने त्रास देत नाही आणि अंड्यांवर खुडूक बसण्यातही हुशार असते. मात्र या जाती पाळायच्या तर वरून जाळी हवीच.

पिसे कातरणे. पंखाच्या टोकाकडची दहा लांब पिसे उड्डाणाचा जोर देतात. एका माणसाने बदक कुशीत धरावे आणि दुसऱ्याने एकच पंख हलकेच उलगडावा. ही पिसे वरून झाकणारी आखूड पिसे जिथे संपतात, त्या रेषेच्या थोडे खाली लांब पिसे कातरावीत. एकाच पंखाची पिसे कमी झाली की तोल जातो आणि बदकाला उंची गाठता येत नाही. दोन्ही पंख सारखे कातरले तर हलके बदक तरीही उडू शकते.

कातरण्यापूर्वी प्रत्येक पिसाचा दांडा उजेडात पाहावा. दांडा पांढरट व पोकळ दिसला तर पीस पूर्ण वाढलेले असते. ते कापणे नख कापण्यासारखे, वेदनारहित असते. दांडा निळसर-काळपट आणि आवरणात गुंडाळलेला दिसला तर त्यात रक्त खेळत असते. असे पीस कापू नये. चुकून कापले गेलेच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरावे आणि रक्त न थांबल्यास पशुवैद्याकडे न्यावे.

बदकांची उड्डाणपिसे वर्षातून एकदा एकदमच झडतात आणि नवी येईपर्यंत काही आठवडे त्यांना उडता येत नाही. नवी पिसे पूर्ण वाढल्यावर पुन्हा कातरावे लागते. पंखाचा टोकाकडील सांधाच कापून टाकण्याची प्रथा काही देशांत आहे. त्यामुळे पक्षी कायमचा अपंग होतो. भारतात प्राण्याला असे अपंग करणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या विरुद्ध आहे. हौसेसाठी असे करणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही.

वस्ती व सवय. अन्न, पाणी व सोबत मिळते ती जागा बदके सहसा सोडत नाहीत. नवी बदके दोन-तीन आठवडे आवारातच ठेवावीत आणि रोज ठरल्या वेळी, एकाच हाकेने खाणे द्यावे. एकटे बदक पाळू नये. डोके पूर्ण बुडेल इतके पाणी हवेच. फटाके किंवा भटकी कुत्री यांमुळे शांत बदकेही बिथरून उडतात, म्हणून दिवाळीत त्यांना आडोशाला ठेवावे.

रानटी बदके. हळदीकुंकू, अडई, चक्रवाक या रानटी बदकांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. शेताच्या बांधावर सापडलेली त्यांची अंडी किंवा पिल्ले घरी आणून वाढवू नयेत. तसेच नकोशी झालेली पाळीव बदके तलावात सोडणे चुकीचे आहे. मॅलार्डवंशी बदकांचा रानटी बदकांशी संकर होऊ शकतो आणि स्वतः चारा शोधण्याची सवय नसलेल्या पक्ष्याचे तिथे हाल होतात.

पाळणाऱ्याची जबाबदारी. कुत्रे, मुंगूस, रानमांजर यांच्यापासून सुटण्याचा बदकाचा मुख्य उपाय म्हणजे उडणे किंवा पाण्यात शिरणे. यातला पहिला उपाय माणसाने, निवडीने किंवा कात्रीने, काढून घेतलेला असतो. म्हणून दिवेलागणीला सर्व बदके मोजून पक्क्या जाळीच्या खुराड्यात बंद करणे हा या पालनाचा अविभाज्य भाग आहे. हे रोज करणे जमणार नसेल, तर बदके पाळू नयेत.