निर्देशशून्य सर्वनाम (वाक्प्रचारांतील)

वाक्प्रचारात रुतून बसलेले, पण कोणत्याही नामाच्या बदली न आलेले छोटे सर्वनाम. एरवी सर्वनामाला ‘कोण?’ किंवा ‘काय?’ विचारले की उत्तर मिळते. इथे मिळत नाही. तरीही ते काढले की वाक्प्रचार मोडतो, निदान त्याचा सूर बदलतो.

चंद्रपूर-गडचिरोली भागातले याचे रोजच्या बोलण्यातले उदाहरण म्हणजे ‘त्याले का होते!’. ‘मले, तुले, त्याले’ यांतला ‘ले’ प्रत्यय तिथल्या झाडीबोलीत आहे, तसा नागपुरी-वऱ्हाडीतही. धानाच्या रोवणीत एकजण म्हणते, ‘‘पानी येऊन रायला ना वो!’’ दुसरी कंबर सरळ न करता उत्तरते, ‘‘येऊ दे, त्याले का होते!’’ हा ‘तो’ पाऊस नव्हे, धान नव्हे, कोणी माणूसही नव्हे. अर्थ एवढाच, की काही बिघडत नाही, काम चालू दे. ‘त्याले’ वगळून नुसते ‘का होते?’ म्हटले, तर तो खराखुरा प्रश्न होतो आणि समोरची उत्तर देऊ लागते. पुण्या-मुंबईकडे हेच ‘त्याला काय होतंय’ असे ऐकू येते.

दुसरा प्रकार स्त्रीलिंगी आहे: ‘त्याची टरकली’, ‘माझी सटकली’, ‘तुझी जिरवतो’. सर्वनाम षष्ठीत आणि स्त्रीलिंगी, पहिल्या दोहोंत क्रियापदही तसेच, आणि जिचे हे सगळे चालले आहे ते नाम गैरहजर. ‘जिरवतो’च्या मागे ‘रग’ किंवा ‘मस्ती’ बसवता येते. ‘सटकली’च्या मागे काय बसवायचे याची बोलणाऱ्याला गरजच भासत नाही. २०११च्या ‘सिंघम’ या हिंदी चित्रपटाने हा प्रयोग मराठी न येणाऱ्यांच्याही तोंडी घातला.

सर्वांत नाजूक काम ‘आपला’ करतो. ‘मी विचारलं’ म्हटले की जाब मागितल्यासारखे वाटते. ‘मी आपलं विचारलं’ म्हटले की उत्तराची सक्ती उरत नाही. इथे मालकी कोणाचीच नाही. तो कर्त्याप्रमाणे बदलतो (मी आपली बसले, ते आपले निघाले), किंवा ‘आपलं’ या रूपात गोठतो. ‘मंगळवारी, आपलं, बुधवारी ये’ यात तर तो चूक दुरुस्त करतो. परक्याला मराठी शिकवताना हा शब्द सर्वांत शेवटी येतो, आणि तो आला की माणूस मराठी बोलू लागला असे खुशाल समजावे.

फ्रेंचमध्ये अशा प्रयोगांचा मोठा साठा आहे. लॅटिन ‘इंदे’पासून आलेले ‘आँ’ आणि ‘इबी’पासून आलेले ‘ई’ ही तिथली दोन मुख्य रूपे. ‘साँ नाले’ म्हणजे निघून जाणे, ‘आँ व्हुल्वार’ म्हणजे एखाद्यावर राग धरणे, ‘सा ई ए’ म्हणजे झाले एकदाचे. ‘ला फेर्मे’ (तोंड बंद ठेवणे) यातला ‘ला’ स्त्रीलिंगी सर्वनाम आहे, आणि आपल्या ‘सटकली’सारखाच नामाशिवाय उभा राहतो.

आपल्याकडचे असे प्रयोग बोलींतून गोळा करायला हवेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. ती वाट पुढे चालवणाऱ्या संग्राहकांनी सुटे शब्द टिपून थांबू नये. वडसा परिसरातल्या झाडीपट्टी नाटकांत, बाजारात, बांधीवर ऐकलेले वाक्य पूर्ण उतरवावे, आणि ते कोणाला, कशाच्या उत्तरादाखल म्हटले तेही लिहावे. ‘तो’ या नोंदीखाली ‘त्याले का होते’ शोधायला कोणी जात नाही.