४ जानेवारी २००६ : टेक्सासने रोझ बोल खेचून आणला

कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे रोझ बोल सामन्यात अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी पहिल्या क्रमांकाचा सदर्न कॅलिफोर्निया आणि दुसऱ्या क्रमांकाचा टेक्सास हे विद्यापीठ संघ भिडले. सलग ३४ सामने जिंकलेला सदर्न कॅलिफोर्निया अखेरच्या टप्प्यात ३८-२६ असा पुढे होता. टेक्सासने फरक ५ गुणांवर आणला. मग चौथ्या प्रयत्नात जेमतेम २ यार्ड हवे असताना सदर्न कॅलिफोर्नियाने चेंडू किक करून लांब पाठवण्याऐवजी धावण्याचा डाव खेळला, तोही हुकमी एक्का रेजी बुशला मैदानाबाहेर ठेवून! डाव फसला. १९ सेकंद उरलेली असताना टेक्सासचा क्वार्टरबॅक विन्स यंग ८ यार्ड धावत टचडाउन करून गेला. निकाल ४१-३८. यंगची कमाई धावून २०० यार्ड, पासवर २६७. मोसमातील सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक मात्र आदल्याच महिन्यात बुशला देऊन झाला होता. यंग दुसरा आला होता.