एक भाग, दोन निवाडे : ‘द एन्काउंटर’ (१९६४) विषयीचा रसिकवाद आणि इतिहासाची साक्ष

बीजसंज्ञा : दूरचित्रवाणी, अद्भुतकथा, जपानी-अमेरिकन समाज, पर्ल हार्बर, स्थानबद्धता, रसिकवाद.

प्रस्तावना

दूरचित्रवाणी मालिका हे इतिहासलेखनाचे साधन मानावे किंवा नाही, याविषयी अभ्यासकांमध्ये दीर्घकाळ संकोच होता. मनोरंजनासाठी निर्माण झालेल्या कलाकृतीत तथ्यांची अपेक्षा करणे अप्रस्तुत होय, असा या संकोचामागील विचार होता. तथापि एखादा समाज कोणत्या गोष्टी सहज खऱ्या मानतो, हे त्याच्या राजपत्रांपेक्षा त्याच्या करमणुकीतून अधिक स्पष्टपणे दिसून येते. त्यातही जुन्या मालिकेच्या एखाद्या भागावर रसिक पिढ्यान्पिढ्या वाद घालत असतील, तर तो वाद स्वतःच इतिहासाचा विषय ठरतो.

अमेरिकेतील ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेतील ‘द एन्काउंटर’ हा भाग या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. १ मे १९६४ रोजी तो प्रसारित झाला. त्यावर आक्षेप घेतले गेले आणि पुढे मालिकेच्या पुनर्प्रसारणासाठी विकल्या जाणाऱ्या संचातून तो वगळण्यात आला. हा भाग कलादृष्ट्या चांगला की वाईट, यावर रसिकांचे आजही एकमत नाही. प्रस्तुत निबंधात या वादातील भूमिकांची छाननी केली असून, या भागातील कलात्मक दोष आणि ऐतिहासिक असत्य या दोन वेगळ्या बाबी नसून एकच बाब आहे, असे प्रतिपादन केले आहे.

मालिकेची पार्श्वभूमी

‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका सीबीएस वाहिनीवर ऑक्टोबर १९५९ ते जून १९६४ या काळात प्रसारित झाली. तिच्या एकूण १५६ भागांपैकी ९२ भागांचे लेखन निर्माता रॉड सर्लिंग यांनी स्वतः केले. सर्लिंग हे दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये लढलेले छत्रीधारी सैनिक होते. युद्धोत्तर काळात वास्तववादी दूरचित्रवाणी नाटकांचे लेखक म्हणून त्यांनी नाव मिळविले. परंतु प्रायोजकांच्या हस्तक्षेपाचा त्यांना कटू अनुभव आला. १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. त्या घटनेवरून सुचलेले त्यांचे ‘नून ऑन डूम्सडे’ हे नाटक १९५६ मध्ये प्रसारित झाले, तेव्हा त्यातील स्थळ आणि बळी पडणाऱ्याची ओळख इतकी बदलली गेली की मूळ घटनेचा मागमूसही उरला नाही. जे थेट बोलता येत नाही ते भुताखेतांच्या व परग्रहवासीयांच्या तोंडून बोलता येईल, ही जाणीव सर्लिंग यांच्या अद्भुतकथेकडे वळण्यामागे होती.

म्हणूनच या मालिकेचे रसिक एखाद्या भागाचे मूल्य केवळ भय किंवा चमत्कृती यांवरून ठरवीत नाहीत. त्यामागील नैतिक आशयही ते तपासतात. ‘द एन्काउंटर’ विषयीचा वाद याच परंपरेत बसतो.

कथानकाचे स्वरूप

या भागाचे लेखन मार्टिन गोल्डस्मिथ यांचे, तर दिग्दर्शन रॉबर्ट बटलर यांचे आहे. निवेदक सर्लिंग वगळता पडद्यावर दोनच पात्रे दिसतात. फेंटन (नेव्हिल ब्रँड) हा महायुद्धात पॅसिफिक आघाडीवर लढलेला, आता नोकरी व संसार गमावलेला मद्यासक्त माजी सैनिक आहे. आर्थर ताकामोरी (जॉर्ज ताकेई) हा बागकामाच्या शोधात आलेला जपानी वंशाचा अमेरिकन तरुण आहे. त्याचे मूळ नाव तारो. फेंटन त्याला पोटमाळा साफ करण्यासाठी मदतीला घेतो, बिअर देतो आणि बोलताबोलता हिणवू लागतो. माळ्यावर एक सामुराई तलवार आहे. ती एका जपानी अधिकाऱ्याची असून, फेंटनने त्याला शरण आल्यानंतर ठार मारले होते, हे पुढे उघड होते. तलवार आपला सूड घेईल, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर कोरलेला आहे.

तणाव वाढतो. तारो निघून जाऊ पाहतो. परंतु माळ्याचे दार अनाकलनीयपणे उघडत नाही. युद्धकाळात शत्रू म्हणजे वानर असे शिकविले गेले आणि युद्ध संपताच तोच सुसंस्कृत असल्याचे सांगण्यात आले, अशी तक्रार फेंटन करतो. तारो आधी आपल्या वडिलांची वीरकथा सांगतो. नंतर ती खोटी असल्याचे मान्य करून, पर्ल हार्बर येथे काम करणाऱ्या वडिलांनीच हल्लेखोर विमानांना खुणा करून लक्ष्य दाखविले, अशी कबुली देतो. अखेरीस झटापटीत फेंटन तलवारीवर पडून मरण पावतो. तारो तलवार उचलून ‘बान्झाय’ अशी गर्जना करीत खिडकीबाहेर झेप घेतो. त्यानंतर बंद दार आपोआप उघडते.

रसिकांच्या तीन भूमिका

या भागाविषयी साधारणतः तीन भूमिका आढळतात. पहिली भूमिका पुरस्कर्त्यांची आहे. मालिकेचे पाचवे वर्ष सर्वसाधारणपणे उतरतीचे मानले जाते. अशा काळात एक खोली आणि दोन नट एवढ्या सामग्रीवर उभे राहिलेले हे नाट्य त्यांना उल्लेखनीय वाटते. अमेरिकन सैनिकाने शरणागताची केलेली हत्या १९६४ साली घरोघरी दाखविणे हे धाडस होते आणि आशियाई वंशाच्या नटाला विनोदी नोकराऐवजी प्रमुख, गंभीर भूमिका मिळणे दुर्मिळ होते, हेही ते निदर्शनास आणतात. हे दोन्ही मुद्दे ग्राह्य आहेत.

दुसरी भूमिका विरोधकांची आहे. त्यांच्या मते वडिलांच्या देशद्रोहाची कबुली आणि शेवटची गर्जना यांमुळे भागाचा सारा आशय उलटा होतो. इंग्रजी हीच ज्याची भाषा, अमेरिका हीच ज्याची जन्मभूमी, तो तरुण अखेर जपानी योद्धाच निघतो. निष्ठा रक्तात असते, या ज्या पूर्वग्रहाला भागाने विरोध करावयाचा तोच त्यामुळे पक्का होतो.

तिसरी भूमिका समन्वयाची आहे. तारोची कबुली ही तारोची नाहीच, तलवार त्याच्या मुखातून बोलते आहे, असे या रसिकांना वाटते. त्याला संहितेत काही आधारही आहे. फेंटन बाहेर गेला असता तारो तलवार हाती घेऊन आपण त्याला मारणार असल्याचे पुटपुटतो आणि लगेच स्वतःलाच ‘का?’ असे विचारतो. या वाचनानुसार कबुली ही शापाची निर्मिती ठरते आणि असत्याचा दोष उरत नाही.

तिसरे वाचन आकर्षक असले तरी ते टिकत नाही. समारोपाच्या निवेदनात अपराधभाव हाच या दोघांना जोडणारा धागा आणि हाच दोघांचा शत्रू असल्याचे सांगितले आहे. म्हणजेच तारोचा अपराध फेंटनच्या अपराधाइतकाच खरा मानून भाग संपतो. तलवारीने वदविलेल्या खोट्या कबुलीविषयी हे निवेदन अर्थहीन ठरेल.

इतिहासाची साक्ष

तारोच्या कबुलीचा उगम कल्पनेत नसून एका जुन्या अफवेत आहे. ७ डिसेंबर १९४१ च्या हल्ल्यानंतर हवाईमध्ये उसाच्या शेतांत बाणांच्या आकाराच्या खुणा कापून विमानांना दिशा दाखविल्याच्या वावड्या उठल्या. नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांनी पाहणीहून परतताच पंचमस्तंभी कारवायांचा आरोप केला. चौकशीत या वावड्या निराधार ठरल्या. पर्ल हार्बरवरील प्रत्यक्ष हेरगिरी प्रामुख्याने होनोलुलु येथील जपानी वाणिज्य दूतावासातून झाली. ताकेओ योशिकावा हा नौदल अधिकारी तेथे खोट्या नावाने नेमलेला होता आणि दूतावासातील कर्मचाऱ्यांचे त्याला साहाय्य होते. सामान्य जपानी वंशाच्या कामगारांनी विमानांना खुणा केल्याचे सिद्ध झाले नाही.

तरीही अफवेने धोरणावर आपला ठसा उमटविला. पश्चिम किनाऱ्याचे सेनाधिकारी जनरल डेविट यांनी फेब्रुवारी १९४२ मध्ये असा अजब तर्क मांडला की, अद्याप घातपात झालेला नाही हेच तो होणार असल्याचे लक्षण आहे. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश क्रमांक ९०६६ वर स्वाक्षरी केली. त्यानुसार सुमारे १,२०,००० जपानी वंशीयांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते.

ज्या हवाईत तारोच्या वडिलांचा द्रोह कल्पिला आहे, तेथील वस्तुस्थिती याहून वेगळी होती. बेटांच्या लोकसंख्येत एक-तृतीयांशाहून अधिक असलेल्या जपानी वंशीयांना सरसकट स्थानबद्ध केले गेले नाही आणि तरीही घातपात झाला नाही. प्रादेशिक रक्षक दलातून वंशाच्या कारणावरून काढून टाकलेल्या हवाई विद्यापीठातील १६९ विद्यार्थ्यांनी लष्कराकडे श्रमसेवेसाठी स्वतःहून नावे दिली. पुढे याच समाजातील तरुण ४४२ व्या रेजिमेंटमधून युरोपात लढले.

या पार्श्वभूमीवर प्रमुख नटाचे चरित्र लक्षात घेणे अगत्याचे आहे. १९३७ साली लॉस एंजलिस येथे जन्मलेल्या जॉर्ज ताकेई यांचे बालपण याच छावण्यांत गेले. शर्यतीच्या मैदानावरील घोड्यांच्या तबेल्यात, नंतर आर्कान्सातील रोवर आणि पुढे कॅलिफोर्नियातील टुली लेक येथे त्यांच्या कुटुंबाला ठेवण्यात आले होते. ज्या संशयापायी त्यांचे बालपण कुंपणाआड गेले, तोच संशय खरा असल्याचे वयाच्या २७ व्या वर्षी त्यांना पडद्यावर सांगावे लागले.

समतोलाचा मोह

गोल्डस्मिथ यांच्यापुढे एक नाट्यप्रश्न होता. दोन माणसे बंद खोलीत समोरासमोर उभी करावयाची, तर दोघांच्याही पदरी समान ओझे हवे. फेंटनचे ओझे त्याच्या स्वतःच्या कृतीचे आहे. तारोने स्वतः काहीच केलेले नाही. हल्ल्याच्या वेळी तो लहान मूल होता. तेव्हा पारडे समान करण्यासाठी त्याच्या वडिलांकडून अपराध उसना आणावा लागला आणि असा अपराध इतिहासात उपलब्ध नसल्याने तो अफवेतून घेतला गेला. येथेच कलात्मक दोष आणि ऐतिहासिक असत्य एकत्र येतात. तारोची कबुली प्रेक्षकाला कृत्रिम वाटते, कारण ती पात्राच्या जीवनातून आलेली नसून रचनेच्या गरजेतून आलेली आहे.

याच मालिकेतील सर्लिंगलिखित ‘अ क्वालिटी ऑफ मर्सी’ (डिसेंबर १९६१) या भागाशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. त्यात गुहेतील जखमी जपान्यांवर हल्ला करण्यास उतावीळ झालेला अमेरिकन लेफ्टनंट अचानक १९४२ मधील जपानी अधिकारी बनतो आणि गुहेतील जखमी अमेरिकनांवर हल्ल्याची वेळ येते. तेथे दोन्ही बाजूंना एकच कृती आहे. म्हणून समतोल खरा ठरतो. ‘द एन्काउंटर’ मध्ये एका बाजूला घडलेला गुन्हा आणि दुसऱ्या बाजूला रचलेला आरोप आहे. खरे तर तारोपाशी स्वतःचे सच्चे दुःख होते : जन्मभूमीतच परका ठरविला गेल्याचे. फेंटन त्याला तुच्छतेने ‘पोरा’ म्हणून हाक मारतो, तेव्हा त्या दुःखाला तोंड फुटते. परंतु कथा तेथे थांबत नाही.

वगळणुकीचे परिणाम

पुनर्प्रसारणाच्या संचातून हा भाग गेल्यामुळे अनेक दशके तो बहुतांश प्रेक्षकांपासून दूर राहिला. घरगुती वापराच्या व्हिडिओ आवृत्त्यांमुळे तो निवडक रसिकांना पाहावयास मिळाला. दूरचित्रवाणीवर मात्र जानेवारी २०१६ मध्ये सायफाय वाहिनीने तो पुन्हा दाखविला. दरम्यान पाहणाऱ्याची दृष्टी बदलली होती. १९७६ मध्ये आदेश ९०६६ औपचारिकरीत्या रद्द झाला. संसदेने नेमलेल्या आयोगाने १९८३ मध्ये वांशिक पूर्वग्रह, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश ही स्थानबद्धतेची कारणे नमूद केली. १९८८ च्या कायद्याने हयात पीडितांना क्षमायाचनेसह प्रत्येकी २०,००० डॉलर भरपाई मंजूर झाली. १९६४ च्या सामान्य प्रेक्षकाला तारोची कबुली संभाव्य वाटू शकली; २०१६ च्या जाणत्या प्रेक्षकाला ती खटकली.

वगळणुकीने असत्याचा प्रसार थांबला, हे खरे. परंतु त्यासोबत आक्षेपही विस्मरणात गेला. भाग का दिसत नाही हे न कळल्याने त्याच्याभोवती ‘निषिद्ध’ कलाकृतीचे वलय निर्माण झाले आणि काहींनी त्याला गुणाहून अधिक मोठे केले.

निष्कर्ष

१. ‘द एन्काउंटर’ चे पुरस्कर्ते व विरोधक यांचे मुद्दे परस्परांना छेद देत नाहीत. फेंटनचे चित्रण धाडसी आहे आणि तारोचे चित्रण अन्यायकारक आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत.

२. तारोच्या कबुलीला तलवारीचा प्रभाव मानणारे समन्वयवादी वाचन समारोपाच्या निवेदनाशी विसंगत आहे.

३. भागाचा मूळ दोष कृत्रिम समतोलात आहे. दोन्ही बाजू सारख्याच दोषी दाखविण्याच्या आग्रहातून निराधार अफवेला कथेत सत्याचे स्थान मिळाले.

४. अशा कलाकृती दडपून ठेवण्यापेक्षा आवश्यक ऐतिहासिक माहितीसह उपलब्ध करून देणे अधिक श्रेयस्कर होय.

शासकीय अहवालाने खोडून काढलेली अफवा कथेच्या आश्रयाने किती काळ जगू शकते, हे या एका भागावरून दिसून येते. रसिकांचा वाद चालू राहिला म्हणूनच ती अफवा पुन्हा पुन्हा तपासली गेली, हे त्या वादाचे ऐतिहासिक मोल म्हणावे लागेल.