एमएक्स-५, माझदा : अपग्रेडचा क्रम

पहिल्या पिढीच्या (१९८९–९७) माझदा एमएक्स-५ या दोन आसनी, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारची कामगिरी वाढवताना कोणता भाग आधी आणि कोणता मागाहून बदलायचा, याचा हौशी चालक, शर्यतपटू व कारागीर यांच्यात रुळलेला क्रम. देखभाल, टायर, ब्रेक, सस्पेन्शन, कूलिंग, क्लच व डिफरन्शियल आणि सर्वांत शेवटी इंजिनाची ताकद, असा तो सामान्यतः सांगितला जातो. एका भागाची क्षमता वाढली की वाढीव भार इतर भागांवर पडतो. म्हणून भार सोसणारा भाग आधी आणि भार वाढवणारा नंतर, हे या क्रमामागचे तत्त्व. तो सर्वमान्य नाही. रोल बारचे स्थान आणि इंजिनाची सुरक्षित मर्यादा या दोन बाबींवर विशेष मतभेद आहेत.

पार्श्वभूमी : ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो मोटार प्रदर्शनात प्रथम दाखवण्यात आली. अमेरिकेत ती ‘मिआटा’ आणि जपानमध्ये ‘युनोस रोडस्टर’ या नावांनी विकली गेली. मूळ कल्पना बॉब हॉल या मोटारपत्रकाराची. पुढे तो माझदाच्या कॅलिफोर्नियातील कार्यालयात रुजू झाला. आखणीची धुरा तोशिहिको हिराई यांच्याकडे होती, तर रूपरेखेच्या कामात टॉम मातानो यांचा मोठा वाटा होता. लोटस एलान (१९६२) ही हलकी ब्रिटिश गाडी आदर्श म्हणून डोळ्यांपुढे होती. पुढे इंजिन, मागच्या चाकांना ओढ आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन अशी हिची रचना आहे. गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांना ॲल्युमिनियमच्या एका लांब तुळईने जखडलेले असते. त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच मागची चाके विनाविलंब प्रतिसाद देतात.

सुरुवातीचे इंजिन १,५९७ घ.सेंमी.चे (१.६ लिटर). अमेरिकी आवृत्तीत त्याची ताकद ११६ अश्वशक्ती होती. जपानी गाडीचे वजन जेमतेम ९४० किग्रॅ. होते. ब्रिटनमध्ये १९९५ पासून याच इंजिनाची सुमारे ९० अश्वशक्तीची सौम्य आवृत्ती दिली जाऊ लागली. ‘१.६’ एवढ्या उल्लेखावरून इंजिनाची ताकद ठरवता येत नाही, ती यामुळे.

कारखान्याने पाळलेला क्रम : खुद्द माझदाने ताकद वाढवताना काय केले, हा या क्रमाचा सर्वांत भक्कम आधार मानावा लागेल. १९९४ च्या अमेरिकी गाडीत १,८३९ घ.सेंमी.चे (१.८ लिटर), १२८ अश्वशक्तीचे इंजिन आले. वाढ अवघी १२ अश्वशक्तींची. पण तेवढ्यासाठी पुढच्या ब्रेक डिस्क २३५ मिमी.वरून २५५ मिमी.वर आणि मागच्या २३१ मिमी.वरून २५१ मिमी.वर नेण्यात आल्या. डिफरन्शियलमधील मुख्य दातेरी चक्र ६ इंचांऐवजी ७ इंचांचे झाले, व्हिस्कस प्रकारच्या मर्यादित-घसर डिफरन्शियलची जागा टॉर्सनने घेतली आणि सांगाड्याला जादा आडव्या पट्ट्या मिळाल्या. दुसऱ्या पिढीतील १७८ अश्वशक्तीच्या टर्बो ‘माझदास्पीड’ गाडीतही (२००४) क्लच, मागचे अर्धे ॲक्सल, शॉक ॲब्सॉर्बर व चाके टर्बोबरोबरच बदलली गेली. ब्रिटनमध्ये ब्रॉडी ब्रिटन रेसिंगने पहिल्या पिढीवर बसवलेल्या सुमारे १५० अश्वशक्तीच्या टर्बो संचाला तिथल्या माझदाची मान्यता होती.

देखभाल : या पायरीला अपग्रेड म्हणावे की नाही, हा वादाचा मुद्दा, पण तिच्याशिवाय पुढचे सारे व्यर्थ. टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना (सु. ९६,००० किमी.) बदलायचा असतो. रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिक टाकीचा काळा रंग हिरवट-तपकिरी होऊ लागला, की ती तडकण्याच्या बेतात आली असे समजतात. कापडी टपाच्या मागच्या कोपऱ्यांतील पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबतात आणि दाराखालचे पोकळ पत्रे आतून गंजतात. असा पत्रा वरून रंगवलेला असला तर नजरेला काहीच दिसत नाही. गंजलेल्या सांगाड्यावर कडक स्प्रिंग बसवणे म्हणजे गंजाच्या जागी तडा मागणे.

साधारण १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड आहे. बेल्ट बदलताना तिथला बोल्ट नीट आवळला गेला नाही, तर पुली सैल होते, चावीची खाच झिजते आणि टायमिंग भरकटते. ओळखण्याची खूण बॉनेट उघडताच सापडते. पुलीच्या तोंडावर चार खाचा असतील तर टोक आखूड, आठ असतील तर पुढील काळातले मजबूत. टर्बो बसवायचे मनात असलेल्या माणसाने गाडी विकत घेतानाच या खाचा मोजाव्यात, असा सल्ला दिला जातो.

टायर व चाके : मूळ माप १८५/६० आर १४. बहुतेक जण १९५/५० आर १५ या मापाकडे वळतात. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच (सु. ५७८ व ५७६ मिमी.) असल्याने वेगदर्शक फसत नाही आणि गिअरचे गणितही बिघडत नाही. शिवाय १५ इंचांत चांगल्या पकडीच्या टायरची निवड अधिक आहे. ब्रेक, वळण आणि वेगवाढ या तिन्ही गोष्टी अखेर रस्त्याला टेकलेल्या रबरावरच अवलंबून असल्याने एका खर्चात तिन्ही सुधारणारा हा एकमेव भाग. १६ वा १७ इंचांची जड चाके दिसायला देखणी असली, तरी या हलक्या गाडीला ती मानवत नाहीत.

ब्रेक : गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किमी.ऐवजी ११० किमी.वरून थांबताना ब्रेकना २१ टक्के जास्त ऊर्जा उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. पहिला खर्च मात्र डिस्कवर नव्हे, तर ब्रेक ऑइल आणि पॅडवर करतात. डॉट-३ ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५° से. आणि पाणी शोषल्यावर १४०° से.; डॉट-४ साठी हेच आकडे २३०° व १५५° से. आहेत. ट्रॅकवर काही फेऱ्यांनंतर पेडल जमिनीपर्यंत जाते, तेव्हा दोष बहुधा जुन्या, ओलावा शोषलेल्या ऑइलचा असतो. तेवढ्याने भागले नाही, तर १.६ च्या गाडीवर १.८ च्या डिस्क व कॅलिपरचे ब्रॅकेट बसवतात. फक्त पुढचे ब्रेक मोठे केल्यास पुढच्या-मागच्या ब्रेकमधला समतोल ढळतो. जोडी एकदम बदलणे श्रेयस्कर.

सस्पेन्शन : मूळ स्प्रिंग काढून नुसत्या आखूड स्प्रिंग घालणे ही सर्वाधिक आढळणारी घाई. या गाडीत चाकाला वरखाली होण्यास वाव मुळातच थोडा आहे. उंची कमी केली की शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्यावरील रबरी ठोकळ्यांवर गाडी बसते, खड्ड्यात दणका थेट सांगाड्याला लागतो आणि वळणात पकड अचानक सुटते. म्हणून शॉक ॲब्सॉर्बर, स्प्रिंग आणि रबरी ठोकळे एकाच वेळी, एकमेकांना जुळणारे घ्यावेत. जपानी ‘एस स्पेशल’ आवृत्तीत बिल्स्टीनचे शॉक ॲब्सॉर्बर कारखान्यातूनच येत.

हे भाग बदलण्याआधी व्हील अलाइनमेंट. चारही चाकांचा कल खालच्या विशबोनमधील एककेंद्री नसलेल्या बोल्टांनी कमी-जास्त करता येतो. ही सोय एवढ्या किमतीच्या फार थोड्या गाड्यांत होती. मात्र वर्षानुवर्षे न हललेले हे बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून बसतात. पान्याने बोल्टचे डोके फिरते, विशबोन जागचा हलत नाही. मग करवतीने बोल्ट कापून बुशसह नवा घालावा लागतो. रस्त्यावरील वापरासाठी चाकांचा वरचा भाग १ ते १.५ अंश आत झुकवतात आणि मागच्या चाकांना पुढच्यांपेक्षा किंचित जास्त कल ठेवतात. ट्रॅकसाठी हे आकडे वाढतात.

रोल बार : उघडी गाडी उलटली तर डोक्यावर काही नसते. अनेक ट्रॅक आयोजक उघड्या गाडीला रोल बारशिवाय प्रवेश देत नाहीत. तपासणीची रीत सोपी आहे : बारच्या माथ्यावरून पुढच्या काचेच्या वरच्या चौकटीवर एक सरळ काठी टेकवतात, पट्टा बांधून बसलेल्या चालकाचे हेल्मेट त्या काठीच्या खाली राहिले पाहिजे. उंच चालक इथेच अडतो. मग आसनातील फोम कमी करणे हा उपाय केला जातो. दुसरीकडे, हेल्मेट न घालता रोज चालवायच्या गाडीत डोक्यामागची लोखंडी नळी हाच धोका, असाही आक्षेप आहे. रोल बार कोणत्या पायरीवर यावा, हे म्हणूनच वापरावर सोडलेले बरे.

कूलिंग : हे इंजिन मूळचे माझदा ३२३ या पुढच्या चाकांच्या ओढीच्या गाडीतले, आडवे बसवायचे. एमएक्स-५ मध्ये ते उभे बसवताना कूलंट बाहेर पडण्याची वाट आणि थर्मोस्टॅट पुढच्या टोकाला आले. पंपही पुढेच असल्याने मागच्या सिलिंडरांकडे प्रवाह कमी पोहोचतो आणि चौथा सिलिंडर जास्त तापतो, असे मानले जाते. मूळ ताकदीवर याने फारसे बिघडत नाही. टर्बो वा सुपरचार्जर बसवणारे मात्र थर्मोस्टॅट इंजिनाच्या मागच्या बाजूला नेतात आणि जाड ॲल्युमिनियमचा रेडिएटर घालतात. रेडिएटरच्या भोवतीच्या फटी फोमने बुजवणे आणि गाडीच्या पोटाखालचा प्लॅस्टिकचा पत्रा जागेवर ठेवणे, हे दोन जवळजवळ फुकटचे उपाय आधी करावेत. तो पत्रा हरवलेला असला तर हवा रेडिएटरमधून न जाता खालून निसटते. डॅशबोर्डवरील मूळ तापमानकाट्यावर विसंबू नये. पुढच्या काळातील गाड्यांत तो बराच वेळ मधल्या जागी स्थिर राहतो आणि धोका उशिरा दाखवतो.

क्लच व डिफरन्शियल : १.६ चे ६ इंची डिफरन्शियल टर्बोच्या जोरापुढे टिकत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. १.८ चा टॉर्सन संच बसवताना प्रोपेलर शाफ्ट आणि अर्धे ॲक्सलही सोबत घ्यावे लागतात. अमेरिकी गाड्यांत अंतिम गुणोत्तर ४.३ वरून ४.१ वर येते, म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिन थोडे संथ फिरते.

इंजिन : हवा आत घेण्याच्या नळ्या व एक्झॉस्ट बदलून हाती लागणारा लाभ खर्चाच्या मानाने तुटपुंजा; आवाज तेवढा वाढतो. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे इग्निशन टायमिंग पुढे घेणे. बॉनेटखालील डायग्नॉस्टिक खोक्यात ‘टीईएन’ व ‘जीएनडी’ ही टोके तारेच्या तुकड्याने जोडायची, टायमिंग लाइट लावायचा आणि इंजिनाच्या मागच्या बाजूचा कॅम अँगल सेन्सर सैल करून किंचित फिरवायचा. मूळ १०° ऐवजी १४° पर्यंत नेण्याची प्रथा आहे. खालच्या वेगात गाडी चुणचुणीत होते. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर इंजिन खडखडू लागले, तर मागे यावे.

खरी वाढ टर्बो किंवा सुपरचार्जरनेच होते. जॅक्सन रेसिंगने ईटनचा एम-४५ सुपरचार्जर वापरला. ग्रेडी, बेल इंजिनिअरिंग आणि फ्लाइंग मिआटा यांचे टर्बो संच प्रसिद्ध आहेत. १.६ चे कॉम्प्रेशन गुणोत्तर ९.४, तर १.८ चे ९.० असल्याने माफक दाब दोन्ही इंजिने सोसतात. इंधनाचे प्रमाण नेमके राखण्यासाठी स्वतंत्र इंजिन कॉम्प्युटर आवश्यक. मूळ कनेक्टिंग रॉड कोणत्या आकड्याला मोडतात, यावर एकमत नाही. बहुतेक जाणकार अश्वशक्तीपेक्षा कमी फेऱ्यांवरील टॉर्कला अधिक जबाबदार धरतात. फोर्डचे ५ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवलेल्या गाड्याही आहेत. त्यांत हा क्रम लागू राहत नाही, जवळपास सारी गाडीच नव्याने बांधावी लागते.

वजन घटवणे : मुळात हलक्या गाडीत वाव थोडा. काढता येण्याजोगे म्हणजे सुटे चाक, एअर कंडिशनर, कापडी टप.

शर्यतीचे नियम : स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या ‘स्पेक मिआटा’ वर्गाने क्रमाचा प्रश्नच निकालात काढला. सस्पेन्शनचा संच ठरलेला, चाके १५ इंचांची, रोल केज सक्तीचा, टर्बोला मज्जाव. १.६ आणि १.८ यांच्यातील फरक किमान वजन व हवेच्या वाटेवरील चकतीने बरोबरीत आणला जातो.

भारत : ही गाडी भारतात अधिकृतपणे विकली गेलेली नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलात मालकाला परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले. वर दिलेल्या क्रमातील देखभाल, पॅड, ब्रेक ऑइल आणि अलाइनमेंट या कलमाला बाधा आणत नाहीत; इंजिन व सांगाड्यातील बदल आणतात.

मूळ स्थितीचे मोल : जुन्या गाड्या दुर्मीळ होत चालल्याने न बदललेल्या गाडीला मागणी वाढली आहे. माझदाने २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या गाड्यांसाठी जपानमध्ये पुनरुज्जीवन सेवा जाहीर केली. तिच्यासाठी ब्रिजस्टोनने एसएफ-३२५ हा टायर १८५/६० आर १४ याच मूळ मापात पुन्हा काढला. बदल करताना काढलेले मूळ भाग, निदान चाके, शॉक ॲब्सॉर्बर व स्टिअरिंग, तेलाचा हात फिरवून जपून ठेवावेत. परत बसवता येईल असा बदल आणि कापून-जोडून केलेला बदल यांत निवड असेल तर पहिला घ्यावा. विक्रीच्या वेळी दुसऱ्याची किंमत सहसा वसूल होत नाही.